जबड्यातले कलम

यंत्राने अकरा प्रश्न विचारले आणि शालन पाटोळे यांनी अकराही प्रश्नांची खरी उत्तरे दिली. पुढचा सगळा घोळ या खऱ्या उत्तरांमुळे झाला.

मिरजेच्या कृष्णाकाठ दंत संशोधन केंद्रात २०३९ साली नोंदणीची खिडकी राहिली नव्हती. भिंतीत एक पडदा होता आणि त्यातून स्वच्छ, शहरी मराठीत बोलणारा बाईचा आवाज येई.

"आपण धूम्रपान करता का?"

शालनबाईंनी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले. "मला इचारतंय व्हय?"

"हो आई, तुम्हालाच," ईश्वरी म्हणाली.

"न्हाई."

"आपण तंबाखू किंवा गुटखा खाता का?"

"छ्या! आमच्यात बायका तंबाखू खात नसत्यात. गडी खात्यात."

"नोंद केली. आपण दात कशाने घासता?"

"मिश्रीनं."

"नोंद केली. दातांच्या आरोग्यासाठी गोड पदार्थ कमी खावेत."

"आता गं! मी कवा गोड खाल्लं?" शालनबाईंनी विचारले. पण यंत्र तोवर रक्तदाबाच्या प्रश्नावर गेले होते.

शालनबाई तेव्हा छप्पन्न वर्षांच्या होत्या. तासगाव तालुक्यातल्या कवठेमाळ गावात त्या चौदा बायकांच्या टोळीच्या मुकादम होत्या. टोळीचे काम द्राक्षाची कलमे भरण्याचे. रानटी द्राक्षाचा खुंट उभा चिरायचा, त्यात चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी बसवायची आणि सांधा प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचा. दोन्ही हात सांधा धरण्यात गुंतलेले असतात, म्हणून पट्टीचे टोक दाढेत धरून ओढावे लागते. पट्टी सैल बसली तर सांध्यात हवा शिरते आणि काडी वाळते. शालनबाईंच्या उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा सहा वर्षांपूर्वी काढल्या होत्या. डाव्या बाजूच्या आता हलू लागल्या होत्या. गेल्या हंगामात त्यांच्या सांध्यांना दोन्ही हातांनी पट्टी बांधायला छबू सुतार ही टोळीतली बाई शेजारी बसवावी लागली. एका कलमाला दोन बायका लावणारी मुकादम फार दिवस मुकादम राहत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू व्हायचा होता.

दात गेला की त्याच्याखालचे हाड झिजू लागते. हाडाला भार लागतो. भार नसला की शरीर त्यातले कॅल्शियम दुसरीकडे वळवते. इम्प्लांटचा स्क्रू पक्का बसायला जबड्याचे हाड साधारण सात मिलिमीटर रुंद हवे. शालनबाईंचे तीन उरले होते. पूर्वी अशा वेळी हनुवटीचे किंवा कमरेचे हाड काढून तिथे भरत आणि सहा-सहा महिने वाट पाहत. कृष्णाकाठ केंद्राची पद्धत निराळी होती. जबड्यातल्या खड्ड्याचे माप घेऊन त्याच आकाराचा सच्छिद्र साचा छापला जाई. त्यात रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी पेरून तो दोन आठवडे वाढवला जाई आणि मग जबड्यात बसवला जाई.

"हे कलमच आहे, मावशी," डॉ. नाझनीन मुजावर यांनी त्यांना समजावले होते. "खुंट तुमचा आणि काडीही तुमचीच."

"मग पाणी कोण घालतंय त्याला?"

प्रश्न अचूक होता. सगळा खेळ पाण्याचा, म्हणजे रक्ताचा होता. पहिल्या सहा आठवड्यांत आजूबाजूच्या रक्तवाहिन्या साच्यात शिरल्या तर पेशी जगतात आणि हाड तयार होते. त्या शिरल्या नाहीत तर आतल्या आत मेलेला तुकडा सडतो. म्हणून साच्यात प्राणवायू मोजणारे सूक्ष्म कण मिसळलेले असत. कानामागे चिकटवलेली बटणाएवढी चकती त्यांचे आकडे वाचून केंद्राला आणि एका नातेवाइकाच्या फोनवर पाठवी. प्राणवायू वीस मिनिटांहून जास्त वेळ घसरला की एक घसरण मोजली जाई. पन्नास घसरणी झाल्या की साचा स्वतःहून विरघळू लागे. हा निर्णय डॉक्टरांच्या हातात ठेवलेला नव्हता. सडण्यापेक्षा विरघळणे बरे, असा त्यामागचा हिशेब. एकदा कलम विरघळलेल्या रुग्णाला दुसरे मिळत नसे.

सहा जुलैला शस्त्रक्रिया झाली. निघताना परिचारिकेने सांगितले, "दोन दिवस चूळसुद्धा जोरात भरायची नाही. त्यानंतर मात्र तोंड अगदी स्वच्छ ठेवायचं. टाक्यांना ब्रश लावायचा नाही."

"बोटानं चालंल?"

"हलक्या हातानं, चालेल."

शालनबाईंनी ही सूचना तंतोतंत पाळली.

चौदाव्या दिवशी ईश्वरीच्या फोनवर संदेश आला. 'घसरणी ४३. मर्यादा ५०. कारण अज्ञात. आनुवंशिक दोषाची शक्यता विचाराधीन.'

ईश्वरी लग्नाआधी पुण्यात वाढलेली. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन कवठेमाळला आली आणि तासगावच्या एका प्रयोगशाळेत निर्यातीच्या द्राक्षांतले औषधांचे अंश तपासण्याच्या नोकरीला लागली. नवरा सौरभ नाशिकला कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. घरात या दोघीच. आलेख वाचणे हे तिचे रोजचे काम होते. तिने सासूच्या जबड्याचा आलेख उघडला आणि तिच्या लक्षात आले की घसरणी वाटेल तेव्हा होत नाहीत. रोज चार, ठरलेल्या वेळी.

डॉ. मुजावर यांना तिने लगेच फोन लावला. त्यांचा आवाज थकलेला होता. "मावशी तंबाखू खात नाहीत ना? एकदा विचारून बघ."

ईश्वरीने जेवताना विचारले. जमेल तितके सांभाळून विचारले, पण असला प्रश्न सांभाळून विचारता येत नाही.

"आई, रागावू नका. तुम्ही काही... लपून खाता का?"

शालनबाईंचा घास हातात राहिला. "काय लपून?"

"तंबाखू वगैरे."

"मी? अगं, माझ्या सासूनं तीस वर्सं माझ्या नाकात दम आणला, पर असलं कधी बोलली न्हाई. तुला माझी पिशवी तपासायची हाय काय? घे, तपास."

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी टोळीतही बातमी पोचली होती. आकडे चार बायकांना माहीत झाले की चौदांना होतात. खुंटांवरच्या आगाऊ फुटी, म्हणजे नको असलेले कोंब, काढता काढता छबू म्हणाली, "आक्का, तुमच्याच तोंडातलं कलम जळलं तर बागायतदार काय म्हणतील? म्हणतील, बाईला सोताचं जगवता आलं न्हाई, माझं काय जगवनार?"

बायका हसल्या. शालनबाई हसल्या नाहीत. छबूला बोलायचा हक्क होता. तिचे स्वतःचे कलम मार्चमध्ये विरघळले होते. तिला सांगितले गेले होते की तिच्या घराण्यातच रक्तवाहिन्या अरुंद असाव्यात. तेव्हापासून ती आपल्या दोन मुलींकडे बघून मधूनच गप्प व्हायची.

त्या दिवशी संध्याकाळी शालनबाई आपणहून सुनेसमोर येऊन बसल्या.

"त्या येळा वाच."

"कसल्या?"

"तुझ्या फोनातल्या. बागेत कलम मराय लागलं तर मी नशिबाला बोल लावत न्हाई. कुठल्या दिवशी कुणी पाणी दिलं, कुणी औषध मारलं, ते एकेक इचारते. वाच तू. मी काय करत हुते ते सांगते."

ईश्वरीने फोन उघडला. "कालच्या वाचते. पाच चाळीस सकाळी."

"उठले. मिश्री लावली. आंघोळ केली. पाणी गार हुतं."

"गार पाण्यानं होईल का? लिहून ठेवते. नऊ पंचवीस."

"न्याहारी झाली. मिश्री लावली आन् बागेत गेले. ऊन हुतं."

"दीड वाजता."

"भाकरी खाल्ली, मिश्री लावली, लिंबाखाली पडले जरा."

"झोपेत घसरतं का? पण रात्री तर घसरत नाही. आठ पस्तीस."

"तू भात केलतास. खाल्ला. मिश्री लाव—" शालनबाई थांबल्या. ईश्वरीही थांबली होती.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही पूर्वी दोनदाच लावायचा ना?"

"व्हय. पर ती नर्स म्हणाली, तोंड सोच्छ ठेवा. ब्रश नगं, बोटानं चालंल. म्हणून न्याहारी-जेवनानंतर पन लावते. चारदा."

"मिश्री म्हणजे नक्की काय असतं?"

"मिश्री म्हंजे मिश्री."

"कशाची करतात?"

"तव्यावर काळी हुस्तोवर भाजायची, मग वाटायची."

"काय भाजायचं?"

"तंबाखू," शालनबाई म्हणाल्या आणि आपल्याच तोंडातून बाहेर पडलेल्या शब्दाकडे पाहत राहिल्या.

मग शालनबाई हळू म्हणाल्या, "पर मी खात न्हाई गं. लावते. अकरा वर्साची हुते, दाढ दुखत हुती, तवा आईनं लावली. औषध म्हणून."

"माहीत आहे, आई."

"मी खोटं बोलले न्हाई त्या यंत्राला."

"नाही बोललात. आणि मी काल..." ईश्वरीने वाक्य पुरे केले नाही. तिने सासूच्या हातावर हात ठेवला. शालनबाईंनी तो थोडा वेळ राहू दिला.

फोनवर त्या दिवशीच्या तीन घसरणी जमा झाल्या होत्या. सत्तेचाळीस. रात्रीची मिश्री शालनबाईंनी लावली नाही.

सकाळी ईश्वरीने डबीतली एक चिमूट प्रयोगशाळेत नेली. निकोटीन हे जुन्या काळचे कीटकनाशक असल्याने तिच्या यादीत ते होतेच. द्राक्षात त्याचा कणभर अंश निघाला तरी माल नाकारला जाई. मिश्रीच्या चिमटीपुढे यंत्राची मोजपट्टी संपली. दुपारी दोघी मिरजेला गेल्या.

डॉ. मुजावर यांनी कागद वाचला, डबी उघडून हुंगली आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला. माझी नानी लावायची! मला वाटलं, ते त्या पिढीबरोबर संपलं."

"तुम्ही तर माझं तोंड बघितलंत, डॉक्टरबाई. काळं दिसलं न्हाई?"

"आम्ही धुतलेलं तोंड बघतो, मावशी." त्या कडवटपणे म्हणाल्या. केंद्रात रुग्ण डॉक्टरांपुढे येण्याआधी सफाई-कक्षातून जाई. तिथे यंत्र आठ मिनिटांत सगळे डाग काढी. आणि निकोटीनची रक्तचाचणी केवळ 'हो' म्हणणाऱ्यांची होई, त्यांनी खरेच सोडली का हे पाहण्यासाठी. 'नाही' म्हणणाऱ्याची चाचणी करणे अपमानाचे ठरेल, म्हणून समितीने ती वगळली होती.

निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते. जुन्या वाहिन्या ते सोसतात. कलमात नुकत्याच शिरू पाहणाऱ्या, केसाहून बारीक वाहिन्या सोसत नाहीत. चार वेळा मिश्री लावणे म्हणजे कोवळ्या रोपाचे पाणी दिवसातून चार वेळा तोडणे.

डॉ. मुजावर यांनी पुण्याला डॉ. अभिराम वर्तक यांना पडद्यावर बोलावले. केंद्राचे सगळे आकडे तेच पाहत. एकतीस स्त्रियांपैकी एकोणीस जणींची कलमे विरघळली होती. सव्वीस पुरुषांपैकी फक्त दोघांची. पुरुष सरळ सांगत की खातो, मग त्यांना तीन महिने थांबवून, सोडवून, नंतरच कलम दिले जाई. स्त्रिया सगळ्या 'नाही' म्हणाल्या होत्या. त्यामुळे वर्तकांनी या भागातल्या स्त्रियांत एखादा आनुवंशिक दोष असावा असे अनुमान काढले होते. ते काही मूर्ख नव्हते. हाती असलेल्या आकड्यांवरून तोच निष्कर्ष निघत होता. या पट्ट्यातल्या स्त्रियांना कलम देणे थांबवावे आणि त्यांच्या व त्यांच्या मुलींच्या आरोग्यपत्रावर तशी खूण करावी, अशा पत्राचा मसुदा त्यांच्याकडे तयार होता.

"मिश्री?" वर्तक म्हणाले. "हो, नोंदींमध्ये तो शब्द आहे. बऱ्याच जणींच्या. यंत्राने तो साखरेत घातलाय. मिश्री म्हणजे खडीसाखरच ना?"

ईश्वरीला हसू आवरेना. शालनबाई मात्र पडद्याजवळ सरकल्या.

"साहेब, खडीसाखरेनं दात घासतंय का कुनी?"

वर्तकांनी समोरच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. "मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "पण ताई, एका रुग्णावरून मी पत्र मागे घेऊ शकत नाही. बाकीच्या तीस जणींचं काय? त्यांना आता विचारलं तर त्या 'हो' म्हणतील याची खात्री काय? बाईमाणसाला तंबाखू विचारली की..."

"तुम्ही इचारूच नका," शालनबाई म्हणाल्या. "त्यांना बोलवा. तुम्ही पन या. मी बघते."

बोलावण्याची तारीख पाच ऑगस्ट ठरली. मधले पंधरा दिवस शालनबाईंना आयुष्यातले सर्वांत लांब वाटले असतील. पंचेचाळीस वर्षांची सवय सत्तेचाळीसवर थांबवायची होती. डोके ठणके. भाकरीची चव लागेना. त्या ईश्वरीवर, कोंबड्यांवर, रेडिओवरच्या निवेदकावर सारख्याच चिडत. डॉक्टरांनी निकोटीनची पट्टी देता येणार नाही असे सांगितले होते. शत्रू तोच होता. त्या बडीशेप चघळत, ती संपली की ओवा चघळत.

मिश्री सोडण्यापेक्षा अवघड होते ते दुपारच्या सुट्टीतले बसणे. जेवण झाले की चौदा बायका लिंबाखाली बसत आणि एक डबी हातोहात फिरे. टोळीतली भांडणे त्या डबीवर मिटत, लग्ने तिच्यावर ठरत. शस्त्रक्रियेनंतर एकोणिसाव्या दिवशी डबी फिरत आली, शालनबाई बोलता बोलता बोट बुडवून हिरडीवर फिरवून मोकळ्या झाल्या, आणि मग त्यांना कळले. त्यांनी चूळ भरली, दहादा भरली. चकतीने ऐकले नाही. अठ्ठेचाळीस.

त्या दिवशी त्यांनी टोळीला सगळे सांगून टाकले. छबू उठून उभी राहिली.

"म्हंजे माझं रक्त खराब न्हाई?"

"न्हाई."

"माझ्या पोरींचं?"

"न्हाई म्हणते न्हवं."

"पाच महिने मी..." छबू शालनबाईंवरच उलटली. "आन् आता तुम्ही हे त्यांना सांगनार? म्हंजे सगळ्या बायका तंबाखूवाल्या म्हणून लिवनार. जिचा नंबर लागलाय तिला बी तीन महिने बसवनार. आक्का, तुमचं तुम्ही सोडा की गप. आमचं कशाला काढताय?"

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकीची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. त्या दिवसापासून लिंबाखाली शालनबाईंच्या शेजारी कुणी बसेना. चौथ्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्यांनी स्वतःच जाऊन डबी उचलली आणि मिश्री लावली. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. एकोणपन्नास.

संध्याकाळी ईश्वरीने फोन पाहिला आणि काहीच न बोलता चहा केला. शालनबाईच म्हणाल्या, "आता बोल की. लपून न्हाई लावली."

"मी कुठं काय म्हणाले? चहा घ्या."

"उद्या माझ्याबरोबर बागेत ये दुपारचं. सुट्टी काढ. शेजारी बस."

ईश्वरी आली. दुसऱ्या दिवशीही आली. डबी आली की ती पुढे देई, सासूकडे न बघता. तिला बायकांच्या थट्टा समजत नसत, त्यामुळे बायकांना तिची थट्टा करण्यात मजा येऊ लागली, आणि त्या निमित्ताने त्या पुन्हा दोघींच्या शेजारी सरकल्या.

पाच ऑगस्टला केंद्राच्या सभागृहात तीस बायका जमल्या. कुणी कडेगावची, कुणी विट्याची, काही कवठेमाळच्या. वर्तक पुण्याहून आले होते. उंच, वाकून चालणारे, हातात वही. ते डॉ. मुजावर यांच्याबरोबर मागच्या रांगेत बसले. बायका अवघडलेल्या होत्या. कलम जळालेल्या तर आरोपी असल्यासारख्या बसल्या होत्या.

शालनबाई पुढे आल्या नाहीत. त्या मधल्या रांगेत बसल्या, आणि चहा झाल्यावर कमरेची पिशवी चाचपत मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, माझी डबी घरीच ऱ्हायली! कुनाकडं मिश्री हाय का गं जरा?"

मिश्री मागणाऱ्या बाईला नाही म्हणायची पद्धत नाही. कमरेच्या पिशव्या सुटल्या, पर्सच्या चेनी ओढल्या गेल्या. पितळी डब्या, औषधाच्या बाटल्या, काजळाच्या डब्या, मोबाइलची जुनी खोकी. "घ्या की." "माझी बारीक हाय, ही घ्या." "ही घरची भाजलेली हाय, ही घ्या."

वर्तक उभे राहून मोजत होते. सव्वीस. त्यांनी वहीत नावे लिहून घेतली, रांगेरांगेने, प्रत्येकीला तिचे नाव विचारून. कलम विरघळलेल्या एकोणीसही त्या सव्वीस जणींत होत्या. ज्या चौघींकडे डबी नव्हती त्या चौघींची कलमे जगली होती. डबी असूनही सात जणींची जगली होती. त्या दिवसातून एखाद्या वेळीच लावत, असे नंतर कळले. वर्तकांनी वही मिटली आणि सर्वांसमोर सांगितले की दोष रक्तात नाही, तो प्रश्नात होता, आणि प्रश्न त्यांच्या समितीने लिहिला होता. पत्राचा मसुदा त्यांनी तिथेच रद्द केला. छबू सभागृहातून बाहेर गेली आणि मुलींना फोन लावून बराच वेळ कॉरिडॉरमध्ये उभी राहिली.

शालनबाईंनी पुढे आलेल्या डब्या एकेक करून परत केल्या. एकाही डबीत बोट घातले नाही.

नवा नियम त्याच आठवड्यात झाला. मिश्री सोडून तीन महिने झाल्याशिवाय कलम नाही, आणि रक्तचाचणी सगळ्यांची, म्हणजे कुणाचा अपमान नाही. यादीतल्या बारा जणींच्या तारखा पुढे गेल्या. काहींनी शालनबाईंना तोंडावर शिव्या दिल्या. "कलम भरायच्या आधी खुंट वर्षभर सांभाळतो," त्यांनी एकीला उत्तर दिले. "तीन महिन्यानं काय मरतीस?"

सतरा ऑगस्टला बेचाळीस दिवस भरले. घसरणी एकोणपन्नासवरच थांबल्या होत्या. डॉ. मुजावर यांनी पडद्यावर जबड्याचे चित्र लावले. कलमाचा पुढचा भाग पांढरा, घट्ट, जुन्या हाडाशी एकजीव झालेला. मागचा भाग करडा.

"पुढचं छान धरलंय," त्या म्हणाल्या. "तिथे एक दाढ पक्की बसेल. मागचं मात्र पहिल्या पंधरा दिवसांत जास्त उपाशी राहिलं. दोन दाढांऐवजी एकच देता येईल, मावशी. मला वाईट वाटतं."

"शंभरातलं किती जगलं म्हणायचं?"

"बहात्तर टक्के."

शालनबाईंनी मान वाकडी करून चित्र पाहिले. बागेतली ओळ पाहावी तसे. "माझ्या हातची शंभरातली पंच्याण्णव जगत्यात. पर पयल्यांदा केलेल्या मानसाच्या मानानं बरं हाय."

डॉक्टरबाई हसल्या.

"आता मागची नांगी कधी भरायची?"

"नांगी?"

"ओळीत एखादं कलम मेलं की तिथं मोकळी जागा ऱ्हाती, तिला नांगी म्हणत्यात. ती पुन्हा भरायची असती. एक मेलं म्हणून कोन बाग उपटत न्हाई."

डॉ. मुजावर गंभीर झाल्या. "कलम न धरलेल्या जागी दुसरं द्यायचं नाही असा नियम आहे."

"कशापायी?"

"एकदा नाकारलं म्हणजे त्या शरीरात..." त्या बोलता बोलता अडल्या. नियम ज्या कारणासाठी केला होता ते कारण बारा दिवसांपूर्वी रद्द झाले होते. नियम तेवढा कुणी काढायचा राहिला होता. त्यांनी फोन उचलला आणि वर्तकांशी दहा मिनिटे बोलल्या. एकदा आवाज चढला. मग त्यांनी फोन ठेवला.

"एक करून बघू म्हणतात. एकच, प्रयोग म्हणून. ते जगलं तर बाकीच्यांना. तुमचीच फाइल उघडते. ऑक्टोबरअखेर तीन महिने पुरे होतील."

"माझी नगं," शालनबाई म्हणाल्या. "मला एक दाढ बास हाय पट्टी धरायला. छबू सुतार लिवा. तिची पार मोकळी हाय दोन्ही बाजूनं."

"छबूताईंनी मिश्री सोडलीय? त्या तर तुमच्यावरच चिडल्या होत्या म्हणे..."

"आज तेरावा दिवस. कुनाला सांगितलं न्हाई तिनं. मला बी न्हाई."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"लिंबाखाली डबी तिच्याकडनं माझ्याकडं येती," शालनबाई म्हणाल्या. "तेरा दिस झाले, झाकन न उघडता येती."

डॉ. मुजावर यांनी फाइल उघडली आणि नाव लिहिले.